निरोगी वस्तीची मारबत

लाखनीला आमचं घर हायवेला इतकं चिकटून होतं की रायपूरकडे जाणारा ट्रक वळला की आमच्या भाताच्या भांड्याचं झाकण आपोआप उघडायचं. त्या घरात कोणी कुजबुजत नसे. कुजबुजून उपयोगच नव्हता. मी पाळण्यात पहिल्यांदा रडले तेव्हा साकोलीच्या एसटीचा ड्रायव्हर ब्रेक मारून खाली उतरला आणि गाडीखाली कोण आलं म्हणून वाकून पाहू लागला, असं आई सांगायची. मी त्यात काहीही वाढवलेलं नाही. आईने वाढवलं असेल तर तो तिचा प्रश्न.

हा आवाज घेऊन मी नागपूरला समाजकार्याच्या कॉलेजात गेले. बाबा दुकानात मीठ मोजत होते. म्हणाले, "समाजकार्य म्हणजे काय करतात?"

"लोकांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करतात."

"हे तर तू फुकट करून राहिली दहा वर्षांपासून. त्याले कॉलेज कायले पायजे?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर मला तीन-चार वर्षांनी मिळालं, तेही कॉलेजात नाही, एका वस्तीच्या शिवेवर.

आणीबाणी नुकतीच उठली होती. आमच्या एका सरांना भंडारा जिल्ह्यातल्या भूमिहीन वस्त्यांच्या आरोग्याचा अभ्यास मिळाला आणि मी इथलीच, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. या अभ्यासाच्या शेपटाला एक खरी गोष्ट बांधलेली होती: दवाखान्याची गाडी. डॉक्टर, कंपाउंडर आणि औषधांच्या पेट्या घेऊन ती आठवड्यातून एकदा गरजू वस्तीत जायची होती. कोणती वस्ती गरजू, हे आमचा अहवाल सांगणार होता.

आमच्या वाट्याला आली ती लाखनीपासून आत, मोठ्या तलावाच्या मातीच्या पाळीखालची धिवरांची वस्ती. पुरुष तलावात जाळं टाकत, बायका भाताच्या रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत चिखलात उभ्या राहत आणि बाकी वर्षभर बिड्या वळत. आम्ही पहिल्या दिवशी पांढऱ्या जीपमधून गेलो तर वस्तीत एक पुरुष दिसेना. सर म्हणाले, "सगळे कामावर गेलेले दिसतात." मी तलावाकडे पाहिलं. पाण्यावर काळी डोकीच डोकी. आदल्या वर्षी अशीच पांढरी जीप नसबंदीसाठी माणसं उचलायला आली होती, तेव्हापासून जीपचा आवाज आला की अख्खा पुरुषवर्ग पाण्यात. काही जण इतका वेळ बुडून राहत की त्यांच्या बायका वरून मुरमुरे टाकत, असं मला पुढे कळलं. ज्याने सांगितलं तो स्वतः पाण्यात होता, म्हणजे साक्षीदार पक्का.

मी वस्तीतच राहायचं ठरलं. एका विधवा बाईने मला आपल्या ओसरीत जागा दिली. चाळिशीची असेल, पण वाळलेल्या बोंबलासारखी. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला "पोरी" म्हणायची आणि राग आला की "नागपूरवाली". मी लाखनीची आहे हे तिने कधीच मान्य केलं नाही. जी पोरगी बिडी वळू शकत नाही ती या भागातली कशी, असं तिचं साधं गणित.

आता सरांचं डोकं. सर हुशार माणूस, यात वाद नाही. त्यांनी पाहिलं की वस्तीतल्या साऱ्या बाया वळलेल्या बिड्या घेऊन बिडीच्या ठेकेदाराच्या पडवीत जमतात. त्याला सगळे शेठ म्हणत. तो बिड्या तपासून घेई, खराब म्हणून काही बाजूला फेकी आणि दुसऱ्या दिवसाचा तेंदूचा पत्ता आणि तंबाखू देई. सर म्हणाले, "घरोघरी कशाला हिंडायचं? सगळ्या जणी एका जागी मिळताहेत. शेठजींनी टेबलही द्यायचं कबूल केलंय." आणि मग त्याच पडवीत, त्याच टेबलावर, शेठ शेजारी अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेला असताना आम्ही एकेकीला विचारत गेलो: खोकला आहे का, ताप येतो का, कंबर दुखते का, नजर कमी झाली का.

काय सांगू तुम्हाला त्या वस्तीची तब्येत. तलावाच्या पाळीखाली अशी पैलवान जमात राहते हे सरकारला ठाऊक असतं तर सैन्याने नागपूरला भरतीच घेतली नसती. साठीची म्हातारी म्हणे, नजर अशी की पल्याडच्या काठावरचा बगळा कोणत्या पायावर उभा आहे ते सांगते. जिचे गुडघे जात्यासारखे वाजत होते ती म्हणे, मले काय झालं, मी तर पळतो. जवाहरनगरच्या कारखान्यातल्या साहेबलोकांना सरकारी दवाखाना, सरकारी क्वार्टर, तरी त्यांना सर्दी व्हायची. आमच्या वस्तीला शिंकही माहीत नव्हती.

मावशीची पाळी आली. सरांनी विचारलं, "खोकला?"

"नाई जी."

आणि मग तिने तोंड असं घट्ट मिटलं की डोळ्यांतून पाणी आलं. खोकला आत फिरत होता आणि त्याला दार सापडत नव्हतं. शेठने सुपारी कातरणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. ती हसली. सरांनी पुढचा प्रश्न विचारला.

संध्याकाळी जीपमध्ये बसताना सर म्हणाले, "आश्चर्यकारकरीत्या निरोगी वस्ती आहे. गाडी दुसऱ्या गावाला सुचवावी लागेल. पोळा झाला की अहवाल देऊन टाकू."

मी घरी येऊन मावशीसमोर फतकल मारली. तिच्या मांडीवर सूप, सुपात कापलेला पत्ता, बोटं चाललेली. आता कोणी पाहत नव्हतं म्हणून खोकला मोकाट सुटला होता. मातीच्या भिंतीचा पोपडा पडला, हे मी शपथेवर सांगते.

"मावशी, काहून खोटं बोलल्या?"

"कोन खोटं बोललं?"

"हे काय करून राहिल्या मग? गाणं?"

तिने बिडीचं तोंड नखाने दाबलं. "नागपूरवाली, शेठ बिमार बाईले पत्ता देत नाई. म्हनते, खोकलनारीची बिडी कोन ओढल? मागच्या साली त्या कोपऱ्यावरच्या घरचीनं सांगतलं की ताप येते. त्या दिवसापासून तिचं सूप भितीले टांगून हाय."

म्हणजे हिशेब असा होता. बिडी ओढणाऱ्याला खोकला झाला तर चालेल, वळणारीला झाला तर चालणार नाही. तंबाखूची धूळ हिच्या छातीत गेली तर तो हिचा अपराध, आणि छाती वाजली तर तो शेठचा तोटा. मी इतकी तापले की माझ्या जवळ ठेवलेला पत्ता वाळून कुरकुरीत झाला असावा.

मी सरांना गाठलं. सगळं सांगितलं. ते ऐकून घेणारे होते, पण त्यांचं एक वाक्य दगडासारखं होतं: "हे तू सांगते आहेस. बाईने स्वतः, स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे."

"सर, शेठच्या पडवीत ती कशी सांगेल?"

"मग घरी विचार."

घरी विचारलं. पण कुडाच्या भिंतींचं गाव ते, एका घरात मिरची भाजली की सात घरं शिंकतात. अर्थात शिंकतात हेही त्यांनी नाकारलं. प्रत्येक बाई मला चहा द्यायची, शेजारणीच्या आजाराची रसभरीत कथा सांगायची आणि स्वतःबद्दल विचारलं की पैलवान व्हायची. अहवालाचा दिवस जवळ येत होता, आणि त्या अहवालात मावशी ठणठणीत होती. म्हणजे गाडी येणार नाही. म्हणजे ती अशीच मिटल्या तोंडाने मरणार, आणि कागदावर मरेपर्यंत निरोगी राहणार.

पोळ्याच्या दिवशी गावात बैल सजले. वस्तीत कोणाकडे बैल नव्हता. मावशी मात्र सकाळपासून कामाला लागलेली. पळसाच्या फांद्या मोडून आणल्या, फाटकी टोपली, झिजलेला झाडू, मोडकं सूप दाराशी रचून ठेवलं. मी म्हटलं, "मावशी, बैल नाई अन तयारी कायची?"

"पोळा बैलवाल्याचा रायते, पोरी. मारबत साऱ्याची रायते."

मारबत मला माहीत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवस उगवायच्या वेळी, सारं गाव गवता-चिंध्यांची बाहुली आणि घरातलं मोडकंतोडकं घेऊन ओरडत शिवेपर्यंत जातं आणि गावाची रोगराई तिच्याबरोबर शिवेपार फेकून येतं. लहानपणी हायवेवर मी इतकी ओरडायचे की ट्रकवाले बाजूला थांबायचे. पण मावशी पुढे जे बोलली त्याचा मी कधी विचार केला नव्हता.

"उद्या देऊन टाकतो," ती म्हणाली.

"काय?"

"खोकला. दरसाल देतो मी मारबतीले. दरसाल वापस येते, बदमाश."

"मोठ्यानं सांगता?"

"मोठ्यानंच सांगा लागते. मारबत बहिरी रायते."

"अन शेठ? तो पण येते ना शिवेवर?"

"येते ना. पन त्या सकाळचं बोलनं शिवेपार जाते. ते कोनी वापस आनत नाई. जो आनल, रोग त्याच्या घरी."

मी ओसरीवरून उठले ती थेट हायवेवर. सर भंडाऱ्याच्या विश्रामगृहात उतरलेले. बाबांच्या दुकानात चहा पिणाऱ्या एका सरदारजी ट्रकवाल्याच्या हातात चिठ्ठी दिली: 'उद्या दिवस उगवताना वस्तीच्या शिवेवर महिलांची सभा आहे. आपण अध्यक्ष. मोहाच्या झाडाखाली जीप लावावी.' सरांना आजार सांगितला तर ते पुरावा मागायचे, पण सभा म्हटलं की माणूस कुठूनही येई.

मोहाचं झाड म्हणजे शीव. मारबत टाकायची ती नेमकी तिथेच.

सकाळी आम्ही निघालो. पुढे मावशी, डोक्यावर मारबत. गवताची, पण गेल्या वर्षीपेक्षा लठ्ठ. मागे वस्ती, त्यामागे गाव, गावात शेठ आणि शेठानी. पळसाच्या फांद्या आपटत सारे ओरडत होते, "माश्या, मुरकुट, घेऊन जाय गे मारबत! राई, रोग, घेऊन जाय गे मारबत!" धुळीने सूर्य उगवायचा थांबला होता.

मोहाजवळ वळलो आणि समोर पांढरी जीप. बाजूला सर, धुतलेल्या सदऱ्यात, हार घालून घ्यायच्या तयारीत मान थोडी पुढे काढून.

एकदम सगळं थांबलं. मागचे पुरुष तलावाच्या अंतराचा अंदाज घेऊ लागले. बायांनी फांद्या खाली केल्या. मावशीने जीपकडे पाहिलं, मग शेठकडे, मग माझ्याकडे. ती नजर मी अजून विसरले नाही. त्या नजरेपुढे नागपूरचं सगळं शिक्षण उघडं पडलं. माझ्याजवळ देवाने दिलेली एकच वस्तू उरली होती. मी ती वापरली.

"माझं पित्त, माझं डोकं, अन आमच्या सरांचा अहवाल," मी ओरडले, "घेऊन जाय गे मारबत!"

मोहावरचे पोपट साकोलीपर्यंत उडाले. कोणीतरी खुदकन हसलं. मग मावशीने डोक्यावरची मारबत खाली ठेवली, कमरेवर हात घेतले आणि मिटलेलं तोंड उघडलं.

"माझा खोकला घेऊन जाय गे मारबत. माझ्या छातीतली सुई घेऊन जाय गे मारबत." एक दम घेतला. "अन थुकीतलं रगत. तेही घेऊन जाय."

रक्ताचं मलाही माहीत नव्हतं. सरांची मान मागे गेली.

मग जे सुटलं ते सुटलं. पल्याडचा बगळा दिसणाऱ्या म्हातारीने डोळ्यांवरचं धुकं दिलं. पळणारीने गुडघे दिले. कोणी रोवणीत कुजलेली बोटं, कोणी न थांबणारं अंगावरून जाणं, कोणी दोनदा पोटात मेलेलं लेकरू. भिंतीला सूप टांगलेल्या बाईने आपला ताप दिला, आणि त्याबरोबर शेठकडे बोट दाखवून "अन याची नजर" म्हणाली. बाया फांद्या आपटत जीपभोवती फिरत होत्या, कारण जीप शिवेच्या पलीकडे उभी होती आणि पलीकडे जे असेल तेच घेऊन जातं. सगळ्यांत शेवटी मागून एक बारीक आवाज आला. शेठानी. म्हणाली, "माझी कंबर. पोराच्या वक्तापासूनची." शेठने बायकोकडे असं पाहिलं जणू तिला कंबर आहे हे त्याला आजच कळत होतं.

सर माझ्या कानाशी आले. "ही सभा आहे?"

"हो सर. अध्यक्ष तुम्हीच."

"अगं, आरडाओरडा म्हणजे उत्तर नव्हे. हे मी लिहू कसं?"

"सर, पडवीत हळू विचारलं तेव्हा सगळ्या खोटं बोलल्या. ते तुम्ही लिहिलंत. आता ओरडून खरं बोलल्या तर लिहिता येत नाही?"

इतक्यात मावशीने मारबत उचलून फेकली ती बॉनेटवर. मागोमाग टोपल्या, झाडू, सुपं. ड्रायव्हर घाबरून गाडी सुरू करून बसला होता. सरांनी कसाबसा पाय आत घेतला आणि वस्तीची सारी रोगराई घेऊन जीप भंडाऱ्याकडे निघाली, एक झाडू मागे लटकत. त्या दिवशी भंडाऱ्यात कचेरीपासून बसस्टँडपर्यंत सगळे खोकत होते म्हणतात. मी तिथे नव्हते, पण मला शंका नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. पडवीत मावशीने बिड्या पुढे केल्या. शेठने तपासल्या नाहीत. म्हणाला, "तुले पत्ता नाई. रगत थुकते म्हनत होती काल."

"कोन म्हनत होती, शेठ?"

"तूच. शिवेवर."

मावशी शांतपणे म्हणाली, "शिवेवरचं बोलनं तुमी घरी आनलं जी?"

पडवीत तंबाखूही हलेना. मग भिंतीला सूप टांगलेली बाई, जी कामालाच नव्हती, ती दारातून आत आली आणि मावशीशेजारी आपलं सूप पालथं घालून बसली. तिच्यानंतर दुसरीने पालथं घातलं. मग सगळ्यांनी. पालथ्या सुपात पत्ता घेता येत नाही, म्हणजे आज कोणीच घेणार नव्हतं. शेठ म्हणाला, "बसा मग उपाशी." कोणीतरी म्हणालं, "उपाशी त बसून राहिलोच हाये जी. तुमच्या पडवीत सावली हाय."

आतून शेठानी आली. तिच्या हातात पाण्याने भरलेला पितळी गुंड. तिने नवऱ्याला अंगणात ओढलं आणि सदऱ्यासकट डोक्यावर ओतला. "अवो, पोरसोर हाये घरात. रोग घरी आनता का? जा शिवेवर, टाकून या. अन येऊन द्या तिले पत्ता."

तो निथळत शिवेपर्यंत गेला आणि आला. वाटेत त्याला कोणी रामराम घातला नाही. आल्यावर त्याने मावशीला पत्ता दिला, आणि मावशीने बोट केल्यावर तापवालीलाही दिला. मगच बाकीची सुपं उताणी झाली.

काही दिवसांनी सर आले, एसटीने. मी विचारलं, जीप कुठे. म्हणाले, "ड्रायव्हर म्हणतो अजून धुतो आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "पुन्हा विचारू या. कुठे विचारायचं?"

मी मावशीकडे पाहिलं. ती म्हणाली, "पाळीवर. शेठचा टेबल नोको. अन या नागपूरवालीनं मधात बोलाचं नाई."

तलावाच्या पाळीवर, वाऱ्यात, एकेक बाई आली आणि आपलं आपण बोलली. पुरुषही पाण्यातून बाहेर येऊन ओळीत उभे राहिले. मी मधात बोलले नाही. आयुष्यातला तेवढा एकच दिवस. त्याचे साक्षीदार आहेत, तरी आई विश्वास ठेवत नसे.

गाडी आली ती बाजाराच्या दिवशी. तीही पांढरी, पण या वेळी कोणी तलावात उडी मारली नाही. ओळीत पहिली मावशी. डॉक्टर तरुण होते, शहरातले. त्यांनी विचारलं, "काय होतंय, बाई?"

"खोकला हाय, छातीत सुई टोचते, थुकीत रगत पडते," मावशीने सांगितलं, मोहापर्यंत जाईल अशा आवाजात.

डॉक्टरांनी कानावर हात ठेवला. "बाई, जरा हळू. मी इथेच आहे."

"हळू सांगून पायलं जी," ती म्हणाली. "कोनी आलं नाई." आणि पदर बाजूला सारून तिने डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीची वाट पाहत छाती पुढे केली.